प्लसचा नंबर निघालाय? चष्मा करण्याआधी आणि केल्यानंतर

मुलाने तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधडा वाचून दाखवली, शाळेच्या तपासणीत ६/६ आलं, आणि तरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर +३.५० लिहून दिलं. आईवडील बुचकळ्यात पडतात. खात्री करायला चष्म्याच्या दुकानात जाऊन 'कॉम्प्युटरवर' पुन्हा तपासतात. तिथे निघतो +१.००. मग पहिल्या डॉक्टरांवर संशय, घरात वाद, आणि चष्मा राहतो बाजूलाच.

या गोष्टीत बहुतेक वेळा चुकलेलं कोणीच नसतं. मायनसचा नंबर लपत नाही, लांबचं धूसर दिसतं आणि लगेच कळतं. प्लसचा नंबर मात्र डोळा स्वतःच जोर लावून झाकून टाकतो. त्यामुळे 'दिसतं का?' एवढंच विचारून भागत नाही. दिसण्यासाठी डोळ्याला किती कष्ट पडतात, ते शोधावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: डोळ्यात काय चाललंय ते समजून घ्या

पूर्ण वाढलेला डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. दूरदृष्टिता, म्हणजेच प्लसचा नंबर असलेला डोळा बहुधा त्याहून थोडा आखूड असतो. एक मिलिमीटर कमी म्हणजे जवळजवळ तीन नंबरचा फरक. काहींच्या बाबतीत लांबी ठीक असते, पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा सपाट असतो. परिणाम एकच: किरण एकत्र येण्याआधीच मागचा पडदा लागतो आणि प्रतिमा धूसर पडते.

आता डोळ्यातल्या भिंगाची करामत. त्याभोवतीचा स्नायू आवळला की भिंग फुगतं, त्याची ताकद वाढते आणि प्रतिमा पुढे सरकून मागच्या पडद्यावर येते. नॉर्मल डोळा हे काम फक्त जवळचं बघताना करतो. प्लसवाला डोळा लांबचं बघतानाही करतो, म्हणजे झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत.

हिशोब करून पाहू. ३३ सेंटीमीटरवरचं पुस्तक वाचायला नॉर्मल डोळ्याला ३ नंबरचा जोर लागतो. +३ च्या मुलाला लांबच्या फळ्यासाठीच ३ लागतात, पुस्तकासाठी ६. दहा वर्षांच्या मुलाकडे बारा-चौदा नंबरचा जोर असतो, म्हणून तो निभावून नेतो. तक्ता वाचतो, ६/६ मिळवतो आणि संध्याकाळी कपाळ धरून बसतो.

हाच हिशोब चाळिशीकडे नेऊ. वय वाढतं तसं भिंग कडक होत जातं. चाळीसला पाच-सहा नंबरचा जोर उरतो, पंचेचाळीसला साडेतीनच्या आसपास, पंचावन्नला एक-दीड. +२ नंबर असलेल्या, आजवर कधी चष्मा न लावलेल्या माणसाला ४० सेंटीमीटरवरचा मजकूर वाचायला २ अधिक २.५, म्हणजे ४.५ लागतात. चाळिसाव्या वर्षी तिजोरीत पाच-सहाच असतात, म्हणजे वाचताना जवळजवळ सगळा जोर सतत लावून धरावा लागतो. म्हणून 'माझी नजर लहानपणापासून एकदम फर्स्टक्लास' म्हणणारी मंडळी इतरांच्या आधी, कधी पस्तिशीतच, मोबाइल लांब धरायला लागतात. पंचावन्नला त्यांना लांबचंही धूसर होतं. नजर अचानक बिघडली असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात नंबर जन्मापासूनचा असतो, झाकणारा जोर संपलेला असतो.

दूरदृष्टिता आणि चाळिशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून लक्षात यावं. एकीत डोळ्याची ठेवण, दुसरीत भिंगाचं वय. दोन्हींना प्लसचीच काच लागत असल्यामुळे गल्लत होते. ती डॉक्टरांमध्येही होती. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या फ्रान्स दोंडर्स यांनी १८६४ मध्ये या दोन्हींची नीट फोड करून दाखवली, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं.

एक दिलाशाची गोष्ट: जन्माला येणारी बहुतेक बाळं प्लसवालीच असतात, साधारण +२ ते +३. डोळा वाढतो तसा हा नंबर सहा-सात वर्षांपर्यंत बराच उतरतो. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला +१.५० निघाला, दोन्ही डोळे सारखे आहेत, तिरळेपणा नाही, तर डॉक्टर सहसा चष्मा देतच नाहीत. 'नंबर आहे आणि चष्मा दिला नाही' म्हणून डॉक्टर बदलू नका.

दुसरी पायरी: लक्षणं ओळखा, पण मुलाच्या तोंडून ऐकायची वाट बघू नका

मूल तक्रार करत नाही. सगळ्यांना असंच दिसत असणार, असं त्याला वाटतं. तुम्हाला दिसतं ते असं: अभ्यासाला बसलं की दहा मिनिटांत चुळबुळ, डोळे चोळणं, ओळ सुटणं, मैदानावर मात्र एकदम तरतरीत. संध्याकाळी कपाळ दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. पापणीवर वारंवार रांजणवाडी येते, कारण हात सारखा डोळ्याकडे जातो. याला घरोघरी 'अभ्यासाचा कंटाळा' हे नाव पडलेलं असतं. असतोही काहींना, पण एकदा डोळे तपासून मग ओरडा.

एक लक्षण चकवणारं आहे. नंबर खूप मोठा असेल तर मूल पुस्तक नाकाला लावून वाचतं. धूसर तर धूसर, निदान अक्षर मोठं दिसावं म्हणून. घरचे म्हणतात मायनस असणार. निघतो +७.

आणि जवळचं निरखून बघताना एखादा डोळा आत, नाकाकडे वळतो का, हे आवर्जून पाहा. जुने फोटो चाळा. हा तिरळेपणा बऱ्याचदा दोन-तीन वर्षांच्या वयात दिसायला लागतो, सुरुवातीला फक्त थकल्यावर किंवा तापात. 'मोठं झालं की जाईल' किंवा 'तिरळेपणा भाग्याचा' असलं काही ऐकून थांबू नका. थांबण्याचा काय तोटा, ते पुढे येईलच.

मोठ्या माणसांत भुवयांवर जडपणा, वाचून वर पाहिलं की क्षणभर लांबचं धूसर, संध्याकाळी कॉम्प्युटरवरची अक्षरं फिसकटणं. डोकेदुखीला अर्थात शंभर कारणं असतात. नंबर काढून चष्मा लावल्यावरही थांबली नाही, तर दुसरं कारण शोधायला हवं.

तिसरी पायरी: तपासणी कुठे आणि कशी

लहान मुलाची पहिली तपासणी डोळ्यांत औषध घालून व्हायलाच हवी. यात तडजोड नको. सरकारी शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलं तपासतात, नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मेही मिळतात. पण शाळेत तक्ता वाचून घेणं ही चाळणी आहे, आणि प्लसचा नंबर या चाळणीतून सहज निसटतो. लक्षणं असतील तर 'शाळेत नॉर्मल आलं' यावर विसंबू नका. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर नंबर कमी का आला? त्या यंत्रात डोळा लावला की लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा किंवा घर दिसतं. चित्र लांबचं असल्याचा आभास असतो, पण मुलाला ते डब्यात, नाकासमोर आहे हे माहीत असतं. ते जोर लावतं आणि यंत्र उरलेला नंबर छापतं. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला झाकलेलं दिसत नाही इतकंच.

औषध त्या स्नायूलाच काही काळ सैल पाडतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना, विशेषतः डोळा आत वळत असेल तर, बहुधा अॅट्रोपिनचं मलम देतात. ते तपासणीच्या आधी तीन दिवस घरीच लावायचं असतं. खालची पापणी हळूच ओढा, आत तांदळाच्या दाण्याएवढंच मलम घाला, बाहेर आलेलं पुसून टाका, नाकालगतचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून धरा आणि मग स्वतःचे व मुलाचे हात धुवा. ट्यूब कपाटात वर ठेवा, पोटात गेली तर विषारी आहे. चेहरा लालबुंद, अंगात ताप, तोंड कोरडं, मूल सैरभैर असं काही दिसलं तर पुढचा डोस न घालता डॉक्टरांना फोन करा. अॅट्रोपिनचा असर दहा-चौदा दिवस टिकतो. तेवढे दिवस बाहुली मोठी राहते, उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं वाचता येत नाही. तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात हे काढू नका, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी बरी. मोठ्या मुलांना दवाखान्यातच थेंब घालतात, त्यांचा असर साधारण दिवसभरात उतरतो. मुलाला फिट येत असतील तर थेंब घालण्याआधी सांगा.

नंतरची तपासणी बघण्यासारखी असते. अंधाऱ्या खोलीत तपासणारा हातभर अंतरावर बसतो आणि एका दांडीतून प्रकाशाची उभी रेघ मुलाच्या डोळ्यावरून डावी-उजवी फिरवतो. बाहुलीत लालसर उजेड हलताना दिसतो. तो प्रकाशाच्याच दिशेने धावला की प्लसची काच पुढे धरायची, पुन्हा रेघ फिरवायची, आणखी काच वाढवायची. एका काचेला उजेडाची हालचाल थांबते आणि सगळी बाहुली एकदम उजळते. त्या काचेतून बसण्याच्या अंतराचा हिशोब वजा केला की नंबर मिळतो. मुलाला एक अक्षरही बोलावं लागत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या बाळाचाही नंबर काढता येतो. 'अजून ए-बी-सी-डी येत नाही, मोठा झाला की तपासू' या सबबीत काही अर्थ नाही.

औषध उतरल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा बोलावून अंतिम नंबर देतात. ही फेरी टाळू नका.

चौथी पायरी: चिठ्ठी वाचायला शिका

'आर' म्हणजे उजवा डोळा, 'एल' म्हणजे डावा. 'एसपीएच'च्या रकान्यात मूळ नंबर, 'सीवायएल' आणि 'अॅक्सिस'मध्ये तिरपा नंबर (डोळ्याचा गोलावा सगळ्या दिशांना सारखा नसल्याने लागणारा) व त्याचा कोन, 'अॅड'मध्ये वाचनासाठीची जादा ताकद. नंबर पाव-पावने चढतो: +२.००, +२.२५, +२.५०.

दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या म्हणजे नंबर वेगळा असेलच असं नाही. +३.०० / -१.०० × १८० आणि +२.०० / +१.०० × ९० ही एकच काच आहे. पहिले दोन आकडे एकमेकांत मिळवा, मधल्याचं चिन्ह उलटं करा, कोन ९० ने फिरवा. करून पाहा, जुळेल.

औषधाखाली +५ निघाला आणि चिठ्ठीवर +४ आला, तरी घाबरू नका. अॅट्रोपिनने स्नायू नेहमीपेक्षा जास्तच सैल पडतो, म्हणून एक नंबर वजा करण्याची पद्धत आहे. तिरळेपणा नसेल तर डॉक्टर आणखी थोडा कमी देऊ शकतात. डोळा आत वळत असेल तर शक्य तितका पूर्ण.

पाचवी पायरी: चष्मा करून घ्या

प्लसची काच मधे जाड, कडेला पातळ. फ्रेम जितकी मोठी, तितका मधला भाग जाड आणि जड. म्हणून लहान, गोलसर फ्रेम घ्या, फॅशनची भली मोठी नको. +४ च्या पुढे जास्त इंडेक्सची (त्याच नंबराला पातळ पडणारी), सपाट धाटणीची काच मागता येते. मुलांना पॉलिकार्बोनेट, चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. फ्रेमची वरची कड भुवयांपर्यंत यावी, नाहीतर पोरं काचेच्या वरून बघतात आणि चष्मा नुसता दागिना होतो. दुकानदाराने दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं का, ते बघा.

चष्मा नाकावरून घसरू देऊ नका. प्लसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा जोर वाढतो. आजोबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून पेपर वाचतात, ते याच गुणामुळे. मुलाचा चष्मा मात्र जागेवरच हवा, लागला तर मागे पट्टा लावा.

काच आली की घरीच एक पडताळणी करा. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ काच धरून हळूहळू मागे न्या. भिंतीवर खिडकीबाहेरच्या झाडाचं उलटं चित्र उमटेल. +२.०० ची काच असेल तर साधारण अर्ध्या मीटरवर, +४.०० असेल तर पाव मीटरवर. तिरपा नंबर असेल तर चित्र असं स्वच्छ येणार नाही, तेव्हा दुकानातल्या यंत्रावरच तपासून मागा. मुलांना ही गंमत फार आवडते, आणि चष्म्याशी पहिली दोस्तीही होते.

सहावी पायरी: पहिले काही आठवडे

चष्मा लावल्यावर लांबचं उलट धूसर दिसतं, ही हमखास येणारी तक्रार. वर्षानुवर्षं आवळलेला स्नायू एका दिवसात सैल होत नाही. त्याचा जोर आणि काचेचा जोर दोन्ही एकावर एक पडतात. उठल्यापासून झोपेपर्यंत लावला तर बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत सवय होते. सकाळी उठल्या उठल्या, स्नायूने कामाला लागायच्या आत चष्मा डोळ्यावर चढवा. तीन-चार आठवड्यांनीही मूल काढूनच टाकत असेल, तर चष्मा घेऊन परत जा. नंबर, माप, फ्रेम सगळं पुन्हा पाहतील.

सहा महिन्यांनी नंबर +३ चा +३.७५ झाला तर 'चष्म्याने नंबर वाढवला' असं म्हणण्याची घाई नको. झाकलेला होता तो बाहेर आला. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्याने उतरत नाही. गाजर आणि डोळ्यांचे व्यायाम यांनीही डोळा लांब होत नाही.

अशीच गल्लत तिरळेपणाची होते. चष्मा लावला की डोळे सरळ, काढला की पूर्वीपेक्षा जास्त आत. आजी म्हणणार, 'चष्म्याने बिघडवला.' चष्म्यात डोळे सरळ राहतात म्हणजे उपचार लागू पडलाय. फक्त प्लसच्या नंबरामुळे आलेल्या तिरळेपणाला ऑपरेशन नको असतं, चष्मा हवा असतो. आंघोळ आणि झोप सोडून पूर्ण वेळ.

आळशी डोळा: इथे वेळ महत्त्वाची

दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल, समजा उजवा +१ आणि डावा +४, तर मेंदू सोपा डोळा वापरतो आणि डाव्याकडे दुर्लक्ष करतो. मूल तर काही बोलत नाहीच, घरातही कोणाला शंका येत नाही, कारण डोळे दिसायला सरळ असतात. वर्षं गेली की डाव्या डोळ्याला कितीही अचूक काच लावा, त्याला ६/६ दिसत नाही. दोन्ही डोळ्यांना मोठा प्लस असून चष्मा नसेल, तर दोन्ही डोळे असे आळशी राहू शकतात.

उपाय साधा पण चिकाटीचा: आधी योग्य चष्मा, मग गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टीही पुरते, असं अमेरिकेतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात २००३ मध्ये दिसलं. त्या दोन तासांत चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदूळ निवडणं असं जवळचं काम द्या. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर फळ चांगलं मिळतं; पुढेही प्रयत्न होतात, पण कस लागतो. घरी आजच करता येणारी चाचणी: एकेक डोळा हाताने झाकून टीव्हीवरची पट्टी वाचायला सांगा. एक डोळा झाकल्यावर मूल हात ढकलायला लागलं, तर उद्याच तपासणी.

मोठ्यांसाठी काही गोष्टी

रस्त्यावरचा तयार चाळिशीचा चष्मा वाईट नसतो. दोन्ही डोळे सारखे आणि तिरपा नंबर नसेल तर त्यावर काम भागतं. पण मुळात प्लसचा नंबर असलेल्यांना तो बहुधा अपुरा पडतो, आणि चाळिशीला होणारी डोळ्यांची पूर्ण तपासणी त्या नादात राहून जाते. लांब-जवळ दोन्ही नंबर असतील तर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. कोणताही घेतला तरी पहिले काही दिवस जिना उतरताना मान खाली घालून, काचेच्या वरच्या भागातूनच पायरी बघा.

मधुमेह नव्याने निघाला असेल आणि औषधाने साखर झपाट्याने खाली आली असेल, तर काही आठवडे जवळचं एकदम धूसर होऊन प्लसचा नंबर निघू शकतो. तो बऱ्याचदा आपोआप उतरतो. साखर महिना-दीड महिना स्थिर राहू द्या, मग चष्म्यावर पैसे घाला.

लेझरने मायनस जितका हुकमी जातो तितका प्लस जात नाही. मोठ्या नंबरात परिणाम काही प्रमाणात ओसरतो. अठरा-वीस वर्षांच्या आत तर विषयच नको.

शेवटचा मुद्दा पन्नाशीपुढच्या प्लसवाल्यांसाठी, आणि हा दारावर चिकटवून ठेवण्यासारखा आहे. आखूड डोळ्यात पुढची जागा अरुंद असते, वयाबरोबर भिंग जाड होऊन ती आणखी आवळते. त्यातून काचबिंदूचा एक तीव्र प्रकार अचानक येऊ शकतो: एका डोळ्यात भयंकर ठणका, डोळा लाल, नजर धूसर, दिव्याभोवती रंगीत वलयं, मळमळ, उलटी. उलटीमुळे लोक पित्त समजून घरीच थांबतात. थांबू नका, त्याच रात्री डोळ्यांचा विभाग असलेलं रुग्णालय गाठा. ठणका नसतानाही दर वर्षी तपासणीला गेलात की 'डोळ्याचा कोन अरुंद आहे का?' असं विचारा. असेल तर लेझरने बारीक छिद्र पाडून किंवा मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून धोका बराच कमी करता येतो. आणि जाताना जुना चष्मा व जुनी चिठ्ठी दोन्ही बरोबर न्या.